नाताळसाठी पावलोव्हा, आणि वर मेहरूणची बोरं

तापीकाठची | २० डिसेंबर, रात्री १०:१२

तर मंडळी, आमच्या भुसावळच्या बिल्डिंगमधले खालच्या मजल्यावरचे अंकल-आंटी दरवर्षी नाताळला प्लम केक आणि कलकल (शंखासारखी तळलेली गोड खुसखुशीत वळकटी) पाठवतात आणि मी दरवर्षी त्याच डब्यात शेव नाहीतर शंकरपाळे भरून परत करते, कारण रिकामा डबा परत द्यायचा नाही ही आमच्या आईची शिस्त. यंदा मात्र डोक्यात किडा वळवळला की काहीतरी नाताळाचंच करून द्यावं. केक नको, केकात आंटींपुढे आपलं काय चालणार! म्हणून पावलोव्हा. म्हणजे अंड्याचा पांढरा बलक साखरेत फेटून मंद आचेवर भाजलेला, बाहेरून कुरकुरीत आतून मऊ असा एक मोठा गोळा, त्यावर क्रीम, त्यावर फळं. दिसायला हॉटेलसारखं पण सामान बघाल तर हसाल.

मागच्या आठवड्यात दोनदा करून बघितला, पहिला बसला, दुसरा जमला. ४ अंड्यांचं पांढरं, २२० ग्रॅम साखर, दीड चमचा कॉर्नफ्लोअर, एक चमचा व्हिनेगर (लिंबूरस चालतो), चिमूट मीठ. साखर मिक्सरला फिरवायची पण पीठ नाही करायचं, अगदी बारीक रव्यासारखी ठेवायची. आधी नुसतं पांढरं फेटायचं, बीटर उचलल्यावर शेंडा मऊ वाकला की मग साखर एकेक चमचा, घाई न करता, एकेक चमचा. पहिल्या वेळी मी अर्धी वाटी एकदम ओतली आणि तिथेच सगळं फसलं. दोन बोटांत घेऊन चोळून बघायचं, कचकच लागली तर अजून फेटायचं. चकचकीत पांढरं आणि भांडं उलटं धरलं तरी न पडणारं झालं की (मुलाच्या डोक्यावर उलटं धरून बघितलं, तो अजून बोलत नाहीये माझ्याशी) कॉर्नफ्लोअर आणि व्हिनेगर हलक्या हाताने मिसळायचं. बटर पेपरवर ताटली ठेवून पेन्सिलने गोल काढायचा, पेपर उलटा करायचा, त्यावर हे रचायचं, मधे थोडा खळगा. ओटीजी (घरगुती छोटा ओव्हन) १५० ला तापवून, आत ठेवल्यावर लगेच १२० वर आणायचा, फक्त खालचा रॉड. सव्वा तास. मग बंद करून दार न उघडता रात्रभर आतच.

आता प्रश्न फळांचा. व्हिडिओत सगळे किवी न् स्ट्रॉबेरी न् ब्लूबेरी घालतात. मला आपल्याकडचं थंडीतलं फळ घालायचंय. जळगावच्या मेहरूणची बोरं आलीत बाजारात, ती कोणी घालून बघितलीत का? आणि क्रीमचं काय करू, इथे व्हिपिंग क्रीम मिळतं ते नुसतं डालड्यासारखं लागतं तोंडात.

---

शिरपूरना_भाऊ | २० डिसेंबर, रात्री १०:४०

माय वं, नाव आयकीसन वाटनं पाव शे का काय! आते समजनं का आंडासना बत्तासा शे.

ताई चेष्टा नाही करत, खरंच बत्तासाच आहे ना हा? आमच्याकडे ना ओव्हन ना ते बीटर. कढईत मीठ टाकून केक करतो तसा होईल का? आणि ताकाच्या रवीने फेटलं तर?

---

गुणिले_भागिले | २० डिसेंबर, रात्री ११:०५

भाऊ, बत्ताशात नुसता साखरेचा पाक असतो, यात अंड्यातल्या प्रोटीनचं जाळं हवा धरून ठेवतं आणि साखर त्या जाळ्याला आधार देते. एवढाच फरक, पण तोच महत्त्वाचा. म्हणून भांड्याला तेलातुपाचा हात चालत नाही, पिवळ्या बलकाचा एक थेंबही नाही, कारण फॅट आलं की फेस बसतो. प्लॅस्टिकचं भांडं वापरू नका, त्याला तेलकटपणा चिकटून राहतो, कितीही घासा. स्टीलचं पातेलं घ्या, आतून अर्ध्या लिंबाची फोड फिरवा आणि पुसून कोरडं करा.

अजून एक. अंडी फ्रिजमधून काढल्या काढल्या फोडली की पिवळं घट्ट असतं, वेगळं पटकन होतं. पण फेटताना पांढरं गार नको. आता पुस्तकात लिहितात रूम टेम्परेचरला ठेवा, आमच्या धुळ्यात डिसेंबरात पहाटे पारा ६-७ वर येतो, तिथे रूम टेम्परेचर म्हणजेच फ्रिज! कोमट पाण्याच्या परातीत पातेलं ठेवा पाच मिनिटं.

रवीने नाही होणार. तारांचं हाताने फिरवायचं व्हिस्क मिळतं, त्याने होतं, पण दोन माणसं लागतील आळीपाळीने. कढईतही एवढा मोठा गोळा नको, झाकणाखाली वाफ कोंडते आणि याला वाफ अजिबात चालत नाही. छोटे छोटे बत्ताशाएवढे ठिपके टाकून, झाकण किंचित उघडं ठेवून, जाड तव्यावर कढई ठेवून बघा, जमले तर जमले.

नावाबद्दल: ॲना पावलोव्हा ही रशियन बॅले नर्तिका, १९२६ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या दौऱ्यावर होती, तिच्या नावावरून हे नाव. पदार्थ आधी कोणी केला यावर ते दोन देश अजून भांडतात. आपले उदय शंकर १९२३ मध्ये हिच्याबरोबर नाचले होते, तेव्हा अगदीच परकी बाई नाही.

---

शिरपूरना_भाऊ | २० डिसेंबर, रात्री ११:११

म्हणजे पुरणपोळी आमची का तुमची तसंच भांडण. चालू द्या.

---

मुंबैकर_सून | २१ डिसेंबर, सकाळी ८:३०

मी माहेरची पाचोऱ्याची, आता मुंबईत. तीन वर्षं हा पदार्थ करायचा प्रयत्न करतेय आणि दर वेळी ओव्हनमधून काढला की तासाभरात चिकट, खाली पाक सुटलेला, वरून घाम फुटल्यासारखे थेंब. नवरा म्हणाला च्युइंगम छान झालाय. माझा हात वाईट आहे की ओव्हन?

---

गुणिले_भागिले | २१ डिसेंबर, सकाळी ९:१५

हवा वाईट आहे. साखर हवेतलं पाणी ओढते, आणि यात अंड्याच्या पांढऱ्याच्या जवळपास दुप्पट वजनाची साखर आहे. मुंबईची हवा डिसेंबरातही दमट, समुद्र तिथेच आहे. इथे आपण ज्या हवेला शिव्या देतो, ओठ फुटतात, टाचा भेगाळतात, पापड दोन दिवसांत वाळतात, ती हवा या पदार्थाला एकदम फिट. पावसाळ्यात मात्र इथेही करू नका.

तुमच्या थेंबांबद्दल: खाली पाक सुटला म्हणजे बहुतेक साखर नीट विरघळली नव्हती किंवा कमी भाजला गेला. वर सोनेरी थेंब आले असतील तर उलट आच जास्त झाली. दोन्ही एकदम असेल तर ओव्हनचा आकडा खोटा आहे, ओव्हन थर्मामीटर आणा.

---

तापीकाठची | २१ डिसेंबर, सकाळी ९:५०

@मुंबैकर_सून, पुढच्या डिसेंबरात माहेरपणाला या, अंडी घेऊन. पाचोऱ्याची हवा फुकट.

---

शहादेकर | २१ डिसेंबर, दुपारी १:२०

ताई फळाचं सांगतो. आमच्याकडे पपई म्हणाल तितकी, म्हणून गेल्या वर्षी हौसेने पिकल्या पपईच्या फोडी घातल्या, खाली चक्का लावला होता. दिसायला असं केशरी-पांढरं, फोटो काढला, स्टेटसला टाकला, पाहुणे यायला तास उशीर झाला आणि तोवर चक्का कडू! पहिला घास मामांनी घेतला, माणूस मोठ्या मनाचा, म्हणे वेगळीच चव आहे. नंतर कळलं की पपईत पपेन असतं, ते दुधाचं प्रोटीन तोडतं. पपईचा मिल्कशेक ठेवला की कडवट होतो तेच. कच्च्या किवीचंही तसंच आहे म्हणतात. तेव्हा पपई घालायचीच असेल तर अगदी वाढताना.

स्ट्रॉबेरीच हवी असेल तर महाबळेश्वरला कशाला, अक्कलकुव्याच्या वर डाबकडे सातपुड्यात होते, थंडीत नंदुरबारला विकायला येते. लहान असते, आंबटसर, पण या पदार्थाला आंबटच लागतं.

---

तापीकाठची | २१ डिसेंबर, दुपारी २:०५

चक्का!!! हे माझ्या डोक्यात का नाही आलं. सव्वादोनशे ग्रॅम साखरेवर अजून गोड क्रीम म्हणजे दात दुखतील, चक्का आंबट, घट्ट, घरचा. टेट्रापॅकमधलं फ्रेश क्रीम मी फेटून बघितलं होतं, अर्धा तास फेटलं तरी ढिम्म. नंतर वाचलं की त्यात २५ टक्केच फॅट असतं, फुगायला ३०-३५ तरी लागतं. चक्क्यात दोन चमचे घरची साय फेटून घालते, साखर अजिबात नाही, वेलची पण नाही नाहीतर श्रीखंड होईल.

---

यावलची_लेक | २१ डिसेंबर, संध्याकाळी ६:४५

बाई गं, सगळं छान पण आमच्याकडे मार्गशीर्षात घरात अंडं येत नाही आणि सासूबाईंचं तर बाराही महिने नाही. एका ठिकाणी वाचलं काबुली चणे उकडलेलं पाणी फेटलं तर अंड्यासारखं होतं. खरंच का? मग पुरणाच्या डाळीचा कट का नाही चालणार, तो तर घरोघरी असतो.

---

गुणिले_भागिले | २१ डिसेंबर, संध्याकाळी ७:३०

काबुली चण्याचं चालतं, त्यात प्रोटीन आणि सॅपोनिन (साबणासारखा फेस आणणारा घटक) दोन्ही असतं, ते फेसाळतं. पाणी आटवून अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट करायचं, गार करायचं, मग फेटायचं, बीटर हवाच आणि दहा-बारा मिनिटं कमी नाही. एका अंड्याच्या पांढऱ्याच्या जागी साधारण दोन मोठे चमचे. मोठा गोळा बहुतेक बसतो, लहान लहान करा आणि आच अजून कमी, शंभराच्या आसपास.

कटाचं म्हणाल तर डाळ शिजवताना तुम्ही काय घालता?

---

यावलची_लेक | २१ डिसेंबर, संध्याकाळी ७:३४

हळद आणि चमचाभर तेल.

---

गुणिले_भागिले | २१ डिसेंबर, संध्याकाळी ७:३५

मिळालं उत्तर.

---

शिरपूरना_भाऊ | २१ डिसेंबर, संध्याकाळी ७:५०

कटनी आमटीच करा माय, तिले कोन्हीच तोड नही.

---

नवापूर_मास्तर | २२ डिसेंबर, सकाळी ७:१०

धागा उशिरा पाहिला. आमच्या भागात आदिवासी ख्रिस्ती घरं बरीच, नाताळला दारोदारी चांदण्या लागतात, आमच्याही लागली. पण सणाचं जेवण म्हणजे मटण-भाकरी आणि भात, हे असलं गोड कोणी करत नाही. मुलीने हट्ट धरला म्हणून गेल्या नाताळला केला होता, तिला शाळेत कोणीतरी सांगितलं की ऑस्ट्रेलियात नाताळला हाच असतो. तिथे डिसेंबरात कडक उन्हाळा, म्हणून थंडगार क्रीम आणि उन्हाळी फळं. हे तिला समजावताना माझाच भूगोलाचा तास झाला.

अंड्यांबद्दल एक सांगतो. आमचं गाव कोंबड्यांचं, २००६ साली भारतातला पहिला बर्ड फ्लू इथेच सापडला तेव्हा गावाचं नाव नको तिथे पोचलं. अंडी आजही मोप. अगदी ताज्या अंड्याचं पांढरं घट्ट असतं, फुगायला वेळ घेतं पण फेस टिकतो, आठवड्याचं जुनं लवकर फुगतं पण पाणीही लवकर सोडतं. मी दोन दिवसांची वापरतो. आणि प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडा, मग मोठ्या पातेल्यात. चौथ्या अंड्याचं पिवळं फुटून आधीची तीन वाया गेली की काय वाटतं ते विचारू नका.

आम्ही वर पेरू घातला होता. नुसता नाही, साल काढून, बिया काढून, लिंबू-साखरेच्या पाण्यात लवंग टाकून शिजवलेला. आतून गुलाबी पेरू मिळाला तर रंग सुरेख येतो.

---

केळीचं_खोड | २२ डिसेंबर, सकाळी ११:००

जळगाव जिल्ह्यात राहून एवढ्या चर्चेत कोणी केळं म्हणालं नाही, धन्य आहे. २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय राव.

---

तापीकाठची | २२ डिसेंबर, सकाळी ११:२५

केळं काळं पडतं हो दादा! आणि मऊवर मऊ. आंबट पाहिजे, नाहीतर रस पाहिजे.

---

केळीचं_खोड | २२ डिसेंबर, सकाळी ११:४०

लिंबू लावा, नाही पडत. किंवा जाड चकत्या तव्यावर थोड्या तुपात आणि गुळात परतून घ्या, कडेने खरपूस झाल्या की वर थोडं लिंबू पिळा. आमच्या रावेरकडे बागेत माल मोप असला की काय काय करून बघतो माणूस. आणि उरलेल्या चार पिवळ्यांचं काय करताय? भुर्जी?

---

तापीकाठची | २२ डिसेंबर, दुपारी १२:१५

नाही, लेमन कर्ड. ४ पिवळे, १०० ग्रॅम साखर, तीन रसदार कागदी लिंबांचा रस आणि किसलेली साल (फक्त हिरवी-पिवळी, पांढरं आलं की कडू), गरम पाण्यावर पातेलं धरून ढवळत राहायचं, चमच्याच्या पाठीवर बोट ओढलं की रेघ राहिली पाहिजे, मग ५० ग्रॅम लोणी. उकळू दिलं की अंडं फुटतं, म्हणजे लिंबाची भुर्जी. हे चक्क्यात वरून रेघा ओढायला.

बोरांचं पण करून बघितलं आज. पाव किलो बोरं, पिकलेली पण मऊ न पडलेली, अर्धी वाटी पाणी, लिंबाएवढा गूळ, सुंठ, मीठ. दहा मिनिटं शिजली, साल सुटली, हाताने कुस्करून बिया काढल्या आणि अर्धा गर गाळून त्याचा सॉस केला, अर्धा तसाच. चव? बोरकुटाची आठवण येते पण ओली, गोड-आंबट, थोडी तुरट. तुरटपणा राहू द्यायचा, तोच साखरेला आवरतो. मेहरूणच्या बोरांना जो वास आहे ना तो शिजवल्यावरही जात नाही, बाकी मोठ्या ॲपल बोरांना तो वास नाही, ती नुसती सफरचंदासारखी पाणचट लागतात, शिजवून तर काहीच उरत नाही. (मेहरूण तलावाकडे आमच्या मावशीच्या लहानपणी नुसत्या बोरी होत्या म्हणे, आता बोर विकत घ्यायलाही ओळख लागते.)

---

मुंबैकर_सून | २२ डिसेंबर, दुपारी १२:४०

बोरांच्या बिया हाताने काढल्या? पाव किलोच्या?

---

तापीकाठची | २२ डिसेंबर, दुपारी १२:४४

दोन मुलं आणि एक नवरा. बिया किती निघाल्या याची पैज लावली की बसतात सगळे.

---

तापीकाठची | २४ डिसेंबर, रात्री ९:०३

लाइट गेली. सव्वा तासातली चाळीसच मिनिटं झाली होती. काय करू?? कोणी आहे का?

---

गुणिले_भागिले | २४ डिसेंबर, रात्री ९:०६

दार उघडू नका. काहीही झालं तरी दार उघडू नका. आतली उष्णता टिकून राहते. लाइट आली की परत १२० वर लावा आणि उरलेल्या वेळात वीस मिनिटं जास्त धरा.

---

शिरपूरना_भाऊ | २४ डिसेंबर, रात्री ९:०८

वरून गोधडी टाका. (गरम आहे तोवर नका टाकू, गंमत केली.)

---

नवापूर_मास्तर | २४ डिसेंबर, रात्री ९:३०

आमच्याकडे आज रात्रभर गाणी आहेत, लाइट गेली तर कंदील. तुमचा गोळा तगेल, काळजी नसावी.

---

तापीकाठची | २५ डिसेंबर, दुपारी ३:४०

आली होती लाइट पावणेदहाला. रात्री दीड वाजेपर्यंत आतल्या दिव्यात बघत बसले होते, नवरा म्हणाला अंडी उबवतेस का.

सकाळी उघडलं तर मधे एक मोठी भेग, कडेने दोन लहान, पण रंग फिकट मलईसारखा, खालून टकटक केलं तर पोकळ आवाज, पेपर अलगद सुटला. भेगेवर चक्का थापला, कोणाच्या बापाला कळणार नाही. त्यावर बोरांचा गर, लेमन कर्डच्या रेघा, मधे मोसंबीच्या सोललेल्या पाकळ्या आणि थोडे डाळिंबाचे दाणे, नाताळला लाल रंग पाहिजे ना. चक्का मी अगदी खाली घेऊन जायच्या पाच मिनिटं आधी लावला, आधी लावला की तळ भिजून बसतो.

आंटींनी सुरी लावली तर करकर आवाज झाला, सगळे गप्प झाले त्या आवाजाने. अंकलना बोरं ओळखू आली नाहीत, म्हणाले ही कोणती बेरी? मी म्हटलं मेहरूण बेरी. ते बिचारे मान डोलवत दुसरा तुकडा घेतायत आणि माझा मुलगा टेबलाखाली हसून हसून आडवा.

---

यावलची_लेक | २५ डिसेंबर, संध्याकाळी ५:२०

मी पण करून बघितलं गं चण्याच्या पाण्याचं. पांढरं शुभ्र फुललं, सासूबाई बघतच राहिल्या, अंडं नाही ना नक्की असं चारदा विचारलं. पण भाजताना अर्धे चपटे झाले, रुपयाएवढे उरले. चव मात्र अजिबात चण्याची नाही. उरलेले छोले कालपासून खातोय आम्ही.

---

गुणिले_भागिले | २५ डिसेंबर, संध्याकाळी ५:४५

पाणी अजून आटवायला हवं होतं. चपटे टाकू नका, चुरून चक्क्यात आणि फळात मिसळा, ग्लासात थर लावा. चव तीच, आकाराची कटकट नाही.

---

शहादेकर | २५ डिसेंबर, संध्याकाळी ६:१०

पपई नका घालू फक्त.

---

केळीचं_खोड | २५ डिसेंबर, रात्री ८:५५

ताई, डबा परत आला का? काय भरून आला?

---

तापीकाठची | २५ डिसेंबर, रात्री ९:२०

आला ना. कलकल. आणि वर चिठ्ठी, पुढच्या वर्षी त्या बेरीचं रोप कुठे मिळेल.